परिचर्या-नीती व सार्वजनिक रुग्णालये (नागपूर)

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने रुग्ण, त्याचे आप्त, सहकारी आणि समाज यांच्याशी कसे वर्तावे यासंबंधीच्या तत्त्वांचा व आचारनियमांचा समुच्चय म्हणजे परिचर्या-नीती. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने आपली आचारसंहिता १९५३ मध्ये प्रथम स्वीकारली. १९४७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने आपली संहिता २००६ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णाची प्रतिष्ठा राखावी, त्याचे गुपित जपावे, त्याच्या संमतीवाचून उपचार करू नयेत, जात, धर्म वा सांपत्तिक स्थिती पाहून भेद करू नये, ही त्यांतील मुख्य कलमे होत. या संहिता व्यक्तीला उद्देशून लिहिलेल्या आहेत. परंतु सरकारी रुग्णालयात एका सिस्टरच्या वाट्याला किती रुग्ण यावेत, कपाटात कोणते औषध असावे आणि तिची नेमणूक कायम असावी की कंत्राटी, हे ती स्वतः ठरवीत नाही. ते मंत्रालयातील खाती, वित्त विभागाची मंजुरी आणि शासननिर्णय ठरवितात. म्हणून सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत परिचर्येची नीती आणि आरोग्याचे धोरण यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

नागपूर हे या विचाराला योग्य असे क्षेत्र आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना येथे उभ्या राहिलेल्या संस्था द्विभाषिक मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात आल्या. १८६२ पासून चालत आलेले मेयो रुग्णालय आज इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे; ज्याला सारा विदर्भ नुसते ‘मेडिकल’ म्हणतो, ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मधले; आणि स्त्रियांसाठी डागा स्मृती रुग्णालय. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ येथून, तसेच बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि छत्तीसगडाकडूनही रुग्ण येथे येतात. मेयो व मेडिकल वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि डागा सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, अशी वाटणी असल्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले, तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली. एकाच शहरातल्या दोन सरकारी दारांशी दोन नियम का, हे गोंदियाहून आलेल्या शेतमजुराला समजावून सांगण्याचे काम खिडकीवरच्या कारकुनाला आणि वॉर्डातल्या सिस्टरलाच करावे लागते.

मनुष्यबळाचा प्रश्न स्वातंत्र्याहून जुना आहे. १९४६ मधील भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळच्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने दीर्घ मुदतीचे उद्दिष्ट ३०० लोकांमागे एक असे ठरविले होते. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षासाठी परिचर्या परिषदेचे प्रमाण तीन रुग्णांमागे एक परिचारिका, म्हणजे प्रत्येक पाळीस नऊ रुग्णांमागे एक, असे आहे. शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव. अतिदक्षता कक्षात ते एकास एक. या प्रमाणाला कायद्याचे बळ नसल्याने आणि मंजूर पदांपैकीही अनेक रिकामी राहत असल्याने न्यायालयाकडे दाद मागण्याची पाळी आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येथील सरकारी रुग्णालयांच्या रिक्त पदांसंबंधीचे व सुविधांसंबंधीचे प्रकरण वर्षानुवर्षे चालत राहिले.

पावसाळा उतरणीस लागला, डेंग्यू व तापाचे रुग्ण वाढले, की औषधवैद्यकाच्या वॉर्डात खाटा संपतात आणि दोन खाटांच्या मधल्या जागेत जमिनीवर गाद्या पडतात. रात्रपाळीची सिस्टर येते तेव्हा संध्याकाळची सिस्टर तिच्या हाती रिपोर्टबुक देते, कुलूपबंद कपाटातील गुंगीच्या औषधांच्या कुप्या मोजून देते, रक्तदाबाचे यंत्र व तापमापके मोजून देते. कारण डेडस्टॉकमधील एखादी वस्तू कमी भरली तर जाब इन्चार्ज सिस्टरला द्यावा लागतो. वस्तूंची मोजदाद अशी चोख असते. रुग्ण मात्र जितके येतील तितके तिच्या हवाली होतात, आणि त्या संख्येवर ‘इतके मला सांभाळता येणार नाहीत’ असा शेरा लिहिण्यास रिपोर्टबुकात रकाना नसतो. मग ती मनाशी क्रम लावते : धाप लागलेला आधी, सलाइन संपत आलेले त्याच्यानंतर, कूस बदलावयाचा पक्षाघाताचा म्हातारा त्याच्याही नंतर. त्या म्हाताऱ्याच्या पाठीला महिन्याभरात व्रण पडला, तर नीतिशास्त्राच्या पुस्तकात त्याला हयगय म्हणतील. परंतु हा क्रम लावण्याची सक्ती ज्या पदसंख्येच्या आकृतिबंधाने केली, त्याची झडती कोणी घेत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सार्वजनिक परिचर्येतील नीतीचा पहिला प्रश्न हाच आहे.

औषधांचेही तसेच. २०१७ मध्ये राज्याने खरेदी हाफकिन महामंडळामार्फत एकत्रित केली आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण केले. पण साठा संपला की चिठ्ठी नातेवाइकाच्या हाती येते आणि मेडिकल चौकातील दुकानाची वाट धरावी लागते. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याची चिठ्ठी उशीखाली तशीच राहते. शेजारच्या रुग्णाच्या उरलेल्या औषधातून त्याला द्यावे की नियम पाळून केसपेपरवर ‘उपलब्ध नाही’ असे लिहावे, हा पेच परिचारिकेला वारंवार पडतो, आणि त्यातून सुटण्याची वाट कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही.

विदर्भात गोपनीयतेच्या तत्त्वाला सिकलसेलमुळे विशेष वजन आले आहे. येथील आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत या आनुवंशिक रक्तदोषाचे प्रमाण लक्षणीय असल्याने गावोगाव व महाविद्यालयांत तपासण्या होतात, आणि ‘एएस’ म्हणजे वाहक व ‘एसएस’ म्हणजे पीडित ही अक्षरे लोकांच्या बोलण्यात रुळली आहेत. पती व पत्नी दोघेही ‘एएस’ असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य ‘एसएस’ निघण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून धोरण म्हणते की विवाहापूर्वी तपासणी व्हावी. त्यात लोककल्याण आहेच. परंतु वाहक मुलगी स्वतः निरोगी असूनही तिच्या अहवालाची वार्ता वस्तीत पसरली की तिच्या लग्नाची बोलणी मोडतात, आणि मुलाच्या बाबतीत तोच अहवाल घरचे लोक झाकून ठेवतात. शिबिरात नावे मोठ्याने पुकारून कार्डे वाटणारी व्यवस्था आणि एकेकीला बाजूला बसवून अर्थ समजावणारी परिचारिका यांत केवळ पद्धतीचा भेद नाही; रोगाचे निर्मूलन साधताना माणसाची अवहेलना होऊ द्यावयाची की नाही, हे तेथे ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात सिकलसेलचा समावेश झाला व २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. मोहिमेची फलश्रुती तपासलेल्या डोक्यांवर मोजली जाते. समजावण्यास लागणारा अर्धा तास त्या मोजणीत धरला, तरच तो परिचारिकेला मिळेल.

जबाबदारीच्या वाटणीचे सर्वांत दारुण उदाहरण नागपूर विभागातीलच आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. ७ वाचविण्यात आली. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचे निलंबन झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त झाली, आणि फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदविण्यात आला. त्या रात्री कोण कोठे होते, याचा निवाडा न्यायालयाचा आहे. नोंदकाराने त्यात पडू नये. परंतु वीजजोडणीची तपासणी, धुराची सूचना देणारी यंत्रणा, बाहेर पडण्याची वाट आणि पाळीवरील संख्या यांतील एकही गोष्ट परिचारिकेच्या अखत्यारीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात घालून दिलेला दंडक असा की, वैद्यकावर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी त्याची हयगय घोर स्वरूपाची असली पाहिजे आणि त्याविषयी निष्पक्ष तज्ज्ञाचा अभिप्राय घेतला पाहिजे. तीच सावधगिरी परिचारिकेच्या बाबतीतही तितक्याच काटेकोरपणे पाळली जावी. मृत बालकांच्या मातांना न्याय द्यावयाचा तर त्याचा माग शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या कंत्राटी सेविकेपाशी न थांबविता वरपर्यंत नेला पाहिजे.

अनुकूल व्यवस्था लाभली तर हीच नीती कोठवर जाते, हे मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात दिसले. तेथील परिचारिका अरुणा शानभाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या अमानुष हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत अचेतनप्राय अवस्थेत होत्या, आणि त्यांची शुश्रूषा परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी केली. खाट मोकळी करण्यासाठी त्यांना अन्यत्र हलविण्याचा पालिकेचा विचार परिचारिकांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. त्यांच्या दयामरणासाठीच्या याचिकेवरील ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाची वाट तत्त्वतः मोकळी केली, पण अरुणाताईंच्या बाबतीत रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचे मत प्रमाण मानून परवानगी नाकारली. रक्ताचे नाते नसलेल्या शुश्रूषकांना रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार एवढ्या उघडपणे मिळाल्याचा प्रसंग आपल्याकडे विरळाच.

रुग्णासाठी एकजुटीने उभ्या राहणाऱ्या परिचारिका स्वतःच्या मागण्यांसाठी काम थांबवितात, तेव्हा संपाचा प्रश्न उपस्थित होतो. मे २०२२ मध्ये खासगी संस्थेमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यातील शासकीय परिचारिकांनी काम बंद ठेवले. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठीच्या संपातही त्या होत्या. दोन्ही वेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि रुग्णाला सोडून जाणे नीतीला धरून आहे काय, असे विचारले गेले. रुग्णाचे हाल खरेच होतात. म्हणून अतिदक्षता, प्रसूती व अपघात विभाग संपातून वगळण्याचा संकेत परिचारिकांनी कसोशीने पाळला पाहिजे. मात्र अकरा महिन्यांच्या करारावर ठेवलेली सेविका वॉर्डातील उणिवेची लेखी तक्रार करण्यास धजत नाही, कारण पुढील नेमणूक त्याच साहेबांच्या सहीवर अवलंबून असते. आणि आचारसंहिता तर रुग्णाच्या हितासाठी निर्भयपणे बोलावे असे सांगते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियमाने शिक्षण, नोंदणी व व्यावसायिक आचार यांची नवी घडी घातली आहे. पाळीवरील किमान संख्येला कायद्याचे बळ देणारे आणि तक्रार करणाऱ्या कंत्राटी परिचारिकेला संरक्षण देणारे कलम राज्याला स्वतंत्रपणे करावे लागेल.