मूत्राशयाच्या कर्करोगातील जनुकीय उत्परिवर्तने

मूत्राशयाच्या आतील अस्तराच्या पेशींतील डीएनएमध्ये साचत जाणारे आणि पेशींची अनिर्बंध वाढ घडवणारे बदल. ते बहुतांशी आनुवंशिक नसून अर्जित असतात. विडी-सिगारेटच्या धुरातील, तसेच पूर्वी रंगउद्योगात वापरली जाणारी बेंझिडीनसारखी ॲरोमॅटिक अमाइने मूत्रातून अस्तरापर्यंत पोहोचून डीएनएला इजा करतात. एनएटी२ जनुकाचे मंद रूप असलेल्यांत या रसायनांचा निचरा सावकाश होतो.

मानवी अर्बुदातील पहिले उत्परिवर्तित कर्कजनुक याच रोगाच्या टी२४ पेशीवंशात १९८२ मध्ये ओळखले गेले. एचआरएएस जनुकातील एकच अक्षर बदलल्याने प्रथिनात १२ व्या स्थानी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन येते आणि वाढीचा संदेश थांबत नाही.

वरवरच्या, सौम्य अर्बुदांत एफजीएफआर३ मधील बदल, तर स्नायूंत शिरणाऱ्या अर्बुदांत टीपी५३ व आरबी१ या रक्षक जनुकांची हानी अधिक आढळते. टीईआरटीच्या नियंत्रक भागातील बदल दोन्हींत दिसतात. एफजीएफआर३ बदललेल्या प्रगत रोगावर एर्डाफिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

लघवीतून रक्त गेल्यास, वेदना नसली तरी, तपासणी लांबवू नये. तंबाखू सोडणे हा प्रतिबंधाचा सर्वांत खात्रीचा उपाय होय.