थांबलेल्या इंजिनाची विचारपूस

आमच्या विठ्ठलवाडीत पावसाळाभर उभी राहिलेली स्कूटर मेकॅनिक लगेच किक मारून पाहत नाही. आधी प्लग काढतो, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकतो. उभं यंत्रही खराब होतं, हे त्याला ठाऊक असतं. विमानाच्या बाबतीत हीच गोष्ट जिवावर बेतते.

शेजारच्या उल्हासनगरची पायाभरणी ८ ऑगस्ट १९४९ रोजी झाली. फाळणीत सिंध सोडून आलेल्यांचं हे गाव. इथं कराचीचं नाव माहेरासारखं निघतं. त्याच कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला उतरले. विमान होतं पुस मॉथ, त्याला एकच इंजिन. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ. ही बनावट १९३०च्या दशकातली, आणि इंजिन याही विमानाला एकच.

लेपर्ड मॉथचं जिप्सी मेजर इंजिन चार सिलिंडरचं, पण उलटं बसवलेलं; सिलिंडरची डोकी खाली. विमान बराच काळ उभं राहिलं की तेल पाझरून सिलिंडरमध्ये साचतं. तसंच सुरू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून आधी प्लग काढून पंखा हातानं सावकाश फिरवतात. तोही जपून, कारण मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विच बंद असला तरी त्यात बिघाड असेल, तर प्लग जागेवर असताना पंखा अचानक फिरू शकतो.

दुसरा शत्रू गंज. आपल्या कोकणपट्टीची दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते, जुन्या तेलातलं आम्ल धातू खातं. म्हणून इंजिन ठेवतानाच त्यात गंजरोधक तेल घालतात, ओल शोषणारे दाणे भरलेले प्लग लावतात. निळे दाणे गुलाबी झाले की ओल शिरली असं समजायचं. पुन्हा वापरात आणताना बारीक नळीच्या दुर्बिणीनं सिलिंडर आतून पाहतात, दाब मोजतात, रबरी नळ्या बदलतात. मग जमिनीवरच इंजिन चालवून तेलात धातूचा चुरा येतो का, ते तपासतात.

जुनं विमान विकत घेणारा आधी लॉगबुकातले तास पाहतो. कमी तास म्हणजे ताजं इंजिन, असा हिशेब. पण तो अपुरा आहे. लायकमिंगसारखी कंपनी ओव्हरहॉलसाठी तासांच्या जोडीला बारा वर्षांची मुदतही सांगते. न उडता गेलेली वर्षंही मोजायचीच असतात.

कराची-मुंबई प्रवासाच्या इतिहासात वैमानिकाचं नाव राहिलं, ते रास्तच. पण एका इंजिनाच्या भरवशावर तो निघू शकला, त्यामागे पाना हातात घेऊन आधी शंका घेणारी माणसं असतात. त्यांनी काढलेल्या शंकांची नोंद कुणी ठेवत नाही. विमान सुखरूप उतरतं, एवढीच त्यांच्या कामाची पावती.