पृष्ठानुरूप आकाशक

विमान, अग्निबाण, उपग्रह, जहाज यांसारख्या वाहनाच्या वक्र पृष्ठभागात सामावलेल्या व त्या पृष्ठाच्या आकाराबरहुकूम घडविलेल्या आकाशकाला (रेडिओ तरंग प्रक्षेपित किंवा ग्रहण करणाऱ्या साधनाला, अँटेनाला) ‘पृष्ठानुरूप आकाशक’ म्हणतात. केवळ वक्रता हे त्याचे लक्षण नव्हे. अन्वस्ताकार परावर्तक असलेला आकाशकही वक्रच असतो. परंतु त्याची वक्रता रेडिओ तरंग एकत्र आणण्यासाठी मुद्दाम योजलेली असते. पृष्ठानुरूप आकाशकाच्या बाबतीत पृष्ठाचा आकार वायुगतिकी, जलगतिकी किंवा संरचनेची बळकटी अशा अन्य कारणांनी अगोदरच ठरलेला असतो व आकाशकाला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. त्यामुळे या आकाशकाचा इतिहास हा एका अर्थी वाहनाचा आकार ठरविणारे अभियंते आणि रेडिओ अभियंते यांच्यातील तडजोडीचा इतिहास आहे.

गरज व प्रारंभ : हाइन्‍रिख हेर्ट्‌झ यांनी १८८६–८८ या काळात कार्ल्सरूए येथे केलेल्या प्रयोगांतील आकाशक सरळ दांड्याचे व तारेच्या कड्याचे होते. जहाजांवर डोलकाठ्यांमुळे लांब तारा ताणणे सोयीचे होते. पहिल्या महायुद्धातील विमानांत मात्र टोकाला वजन बांधलेली लांब तार उड्डाणानंतर खाली सोडीत व उतरण्यापूर्वी गुंडाळून घेत. विमानांचे वेग वाढू लागले तशी ही पद्धत, तसेच विमानाच्या पाठीवर ताणलेल्या तारा व उभे दांडे, अडचणीचे ठरू लागले. बाहेर आलेल्या भागावरील हवेचा रोध स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी १५० किमी. वेगाला जाणवणारा रोध ताशी ९०० किमी. वेगाला सु. ३६ पट होतो. शिवाय तारांवर बर्फ साचणे, कंपनांमुळे त्या तुटणे व स्थिर विद्युत् भारामुळे गोंगाट निर्माण होणे हेही दोष होते. तार तुटली म्हणजे वैमानिकाचा जमिनीशी असलेला संपर्कच तुटत असे. आकाशक विमानाच्या कातडीतच बसवावा, ही कल्पना या निकडीतून पुढे आली.

तिला शास्त्रीय आधार मिळाला तो खाच आकाशकामुळे. धातूच्या पत्र्यात सुमारे अर्ध्या तरंगलांबीइतकी अरुंद खाच पाडून तिच्या दोन कडांना विद्युत् दाब पुरविल्यास पत्रा खाचेतून प्रारण करतो. ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३८ मध्ये नळीला लांबीच्या दिशेने खाच पाडलेल्या आकाशकाचे एकस्व मागितले. रडारच्या एका चाचणी-उड्डाणात झालेल्या अपघातात १९४२ साली त्यांचा अंत झाला. हेन्‍री बुकर यांनी १९४६ मध्ये प्रकाशकीतील बाबिने तत्त्वाचा विस्तार करून खाच व तेवढ्याच आकाराची धातूची पट्टी परस्परांना पूरक असतात, हे दाखविले. खाचेच्या प्रारणाचे रूप द्विध्रुव आकाशकासारखेच असते. फक्त विद्युत् क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र यांची अदलाबदल झालेली असते. यामुळे पृष्ठाबाहेर काहीही न काढता आकाशक बनविण्याचा मार्ग मोकळा झाला.

वर्तुळाकार व दंडगोली समूह : वक्र रेषेवर अनेक आकाशक मांडून त्यांची शलाका (एका दिशेने जाणारा तरंगांचा झोत) फिरविण्याचे तंत्र जमिनीवर अगोदर विकसित झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्याप्त डेन्मार्कमधील यरिंगजवळील स्किप्सब्यू येथे ‘वुलनवेबर’ या सांकेतिक नावाचा दिशाशोधक समूह उभारला. त्यात १२० मी. व्यासाच्या वर्तुळावर ४० उभे आकाशक होते. संपूर्ण रचना न फिरविता, आकाशकांपैकी योग्य त्या गटाची जोडणी क्रमाने बदलून तिची शलाका सर्व दिशांना फिरविता येई. वर्तुळ कोणत्याही बाजूने सारखेच दिसत असल्यामुळे शलाकेचा आकार दिशेगणिक बदलत नसे. सपाट समूहाला हा गुण नसतो. त्याची शलाका बाजूला वळविली की रुंदावते व क्षीण होते. याच तत्त्वावर अमेरिकेने १९६० नंतरच्या दशकात अनेक ठिकाणी विशाल वर्तुळाकार समूह उभारले.

उपग्रहांमुळे हे तत्त्व अवकाशात पोहोचले. १० जुलै १९६२ रोजी सोडलेल्या ‘टेलस्टार’ या सु. ८८ सेंमी. व्यासाच्या गोलाकार उपग्रहाच्या मध्यावर पोकळ्यांचे दोन पट्टे होते. ग्रहणासाठी ७२ व प्रेषणासाठी ४८ पोकळ्या होत्या. उपग्रह स्वतःभोवती फिरत असला, तरी या पट्ट्यांमुळे त्याचे प्रारण परिघाभोवती सर्वत्र जवळजवळ सारखे राहत असे. १९७७ मध्ये सोडलेल्या यूरोपीय ‘मेटिओसॅट’ या हवामान उपग्रहावरील दंडगोली समूहात याच्या पुढची पायरी गाठली गेली. उपग्रह फिरत असताना समूहातील घटक इलेक्ट्रॉनीय रीतीने क्रमाक्रमाने जोडून शलाका पृथ्वीकडेच रोखलेली ठेवली जाई.

सूक्ष्मपट्टी आकाशक : विद्युत् अपारक पदार्थाच्या पातळ थराच्या एका बाजूस धातूचा सलग पत्रा व दुसऱ्या बाजूस ठराविक मापाचा धातूचा तुकडा, अशी सूक्ष्मपट्टी आकाशकाची रचना असते. ही कल्पना १९५३ मध्ये जॉर्ज देशां यांनी मांडली होती. तथापि योग्य पदार्थ व मुद्रित मंडलांचे तंत्र यांच्या अभावी ती सु. वीस वर्षे मागे पडली. रॉबर्ट मन्सन यांनी १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत तिला व्यावहारिक रूप दिले. त्यांचा पृष्ठानुरूप सूक्ष्मपट्टी आकाशकांवरील निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अग्निबाणाच्या दंडगोली अंगाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळावयाचा आकाशक त्यांनी तयार केला. त्याची जाडी अत्यल्प असते व त्यासाठी अग्निबाणाच्या सांगाड्याला भोके पाडावी लागत नाहीत. परिघाभोवती सारखे प्रारण मिळण्यासाठी पट्ट्याला विद्युत् पुरवठा करणाऱ्या बिंदूंची संख्या, परिघात अपारकातील जितक्या तरंगलांब्या मावतात तिच्याहून अधिक ठेवावी लागते.

या आकाशकाची मापे लहान असतात. ३,००० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेला हवेतील तरंगलांबी १० सेंमी. असते, सापेक्ष अपार्यता २·५ असलेल्या पदार्थात ती सु. ६·३ सेंमी. होते व तुकड्याची लांबी सु. ३·२ सेंमी. पुरते. अरुंद कंप्रतापट्टा हा त्याचा मुख्य दोष होय. थर जाड केल्यास पट्टा रुंदावतो, पण पृष्ठालगत वाहणाऱ्या तरंगांत ऊर्जा वाया जाऊ लागते आणि पातळपणाचा लाभही कमी होतो.

अभिकल्पातील अडचणी : सपाट समूहातील सर्व घटक एकाच दिशेला तोंड करून असतात. म्हणून एका घटकाचे प्रारणरूप व समूहाच्या मांडणीचा परिणाम यांचा गुणाकार करून एकूण प्रारणरूप काढता येते. वक्र पृष्ठावर प्रत्येक घटकाचे तोंड वेगळ्या दिशेला असल्याने ही सोपी रीत लागू पडत नाही. काही घटक तर इष्ट दिशेच्या संदर्भात पृष्ठाच्या मागील, छायेतील भागात असतात व त्यांना बंद ठेवावे लागते. दुहेरी वक्रतेच्या पृष्ठावर घटकांच्या ध्रुवणाच्या दिशाही जुळत नाहीत.

कलेतील (तरंगाच्या अवस्थेतील) फरकाची कल्पना पुढील उदाहरणावरून येईल. ५० सेंमी. त्रिज्येच्या दंडगोलावर मध्यापासून ३०° अंतरावर असलेला घटक मध्यावरील घटकापेक्षा सु. ६·७ सेंमी. मागे असतो. तरंगलांबी १० सेंमी. असल्यास हा फरक सु. २४१° इतका भरतो. तो भरून काढला नाही, तर दोन्ही घटकांचे तरंग एकमेकांना साह्य करण्याऐवजी बऱ्याच अंशी मारक ठरतात. म्हणून प्रत्येक घटकाची कला स्वतंत्रपणे नियंत्रित करावी लागते.

गणितीय प्रतिमाने : वक्र पृष्ठावरील तरंगांचे गणित विमानासाठी नव्हे, तर पृथ्वीसाठी प्रथम मांडले गेले. १९०१ मध्ये मार्कोनी यांचे संकेत अटलांटिकपार पोहोचल्यावर तरंग पृथ्वीच्या गोलाईभोवती कसे वळतात, हा प्रश्न उभा राहिला. गोलाभोवतीच्या विवर्तनाचे अचूक उत्तर अनंत श्रेढीच्या रूपात मिळत होते. परंतु १ किमी. तरंगलांबीला तिची सु. ४०,००० पदे घ्यावी लागत. जी. एन. वॉटसन यांनी १९१८ मध्ये या श्रेढीचे शीघ्र अभिसारी रूपांतर शोधून काढले. त्यावरून केवळ विवर्तनाने तरंग इतके दूर जाऊ शकत नाहीत, हे सिद्ध झाले व वातावरणातील आयनीभूत थरांच्या कल्पनेला बळ मिळाले. वॉटसन यांच्या रूपांतरातील पदे पृष्ठाला चिकटून छायेत शिरणाऱ्या, जाताना स्पर्शरेषेच्या दिशेने ऊर्जा सांडणाऱ्या व त्यामुळे झपाट्याने क्षीण होणाऱ्या तरंगांची निदर्शक आहेत. या ‘सरपटणाऱ्या’ तरंगांमुळेच विमानाच्या एका बाजूच्या आकाशकाचा परिणाम दुसऱ्या बाजूच्या आकाशकावर होतो.

रशियन भौतिकीविज्ञ व्ह्‌लादीमिर फॉक यांनी १९४० नंतरच्या दशकात कोणत्याही मोठ्या बहिर्वक्र संवाहकावरील छायेच्या सीमेजवळच्या प्रवाहाचे सूत्र दिले. जोसेफ केलर यांनी १९६२ मध्ये विवर्तनाचा भूमितीय सिद्धांत मांडून, किरणांच्या भाषेत विवर्तन सांगता येते, हे दाखविले. मात्र त्यांची सूत्रे छायेच्या सीमेवर निरुपयोगी ठरत. हा दोष ओहायओ राज्य विद्यापीठातील रॉबर्ट कुयुमजियन व प्रभाकर पाठक यांनी १९७४ मध्ये धारांच्या बाबतीत दूर केला. पाठक यांचे पदवीपर्यंतचे भौतिकीचे शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले होते. १९८१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बहिर्वक्र पृष्ठावरच बसविलेल्या उद्गमाच्या प्रारणासाठीही अशीच एकसमान सूत्रे दिली. विमानाचे अंग दंडगोल, शंकू व विवृत्तज यांच्या जोडणीने दर्शवून त्यावरील आकाशकाचे प्रारणरूप वर्तविणे यामुळे शक्य झाले.

दुसरा मार्ग संख्यात्मक गणनेचा होता. केन यी यांची काल-अवकाश सांतर फरकांची पद्धत १९६६ मध्ये व रॉजर हॅरिंग्टन यांचा परिबल पद्धतीवरील ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतींना पृष्ठाच्या आकाराचे बंधन नसते. बंधन असते ते संगणकाच्या स्मृतीचे. परिबल पद्धतीत एक चौ. तरंगलांबी क्षेत्रासाठी सु. १०० अज्ञात राशी धराव्या लागतात. ३,००० मेगॅहर्ट्‌झला १० चौ. मी. पृष्ठासाठी त्या एक लाख होतात व सारणीत एक हजार कोटी पदे येतात. १९९० नंतरच्या दशकात शीघ्र बहुध्रुव पद्धतीने हा भार पुष्कळ हलका केला. व्यवहारात मोठ्या अंगासाठी किरणपद्धती व आकाशकाच्या निकटच्या भागासाठी संख्यात्मक पद्धती, असा संयोग करतात. तरीही अंतिम कसोटी प्रतिध्वनिरहित कक्षातील प्रत्यक्ष मापनाचीच असते.

उपयोग व अलीकडील प्रगती : अमेरिकेच्या अवकाशयानांचे (स्पेस शटल, १९८१–२०११) काही आकाशक पृष्ठाशी समतल बसवून उष्णतारोधक फरश्यांनी झाकलेले होते. सिलिकेच्या या फरश्या उष्णता अडवीत, पण रेडिओ तरंगांना आरपार जाऊ देत. भारताच्या ५ मे २००५ रोजी सोडलेल्या ‘कार्टोसॅट-१’ या उपग्रहावर प्रतिमांची माहिती पृथ्वीकडे पाठविण्यासाठी गोलीय पृष्ठावर घटक बसविलेला कलानियंत्रित समूह वापरला गेला. १९९९ मध्ये कार्ल्सरूए येथे पृष्ठानुरूप आकाशकांवरील पहिली यूरोपीय कार्यशाळा झाली. २०११ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची शाई काचेच्या अर्धगोलावर थेट रेखून लहान आकाशक तयार केले. वक्रता येथे अडचण न ठरता लाभदायक ठरली. कारण गोलाचे आकारमान पुरेपूर वापरणाऱ्या लहान आकाशकाला, त्याच व्यासाच्या सपाट आकाशकापेक्षा रुंद कंप्रतापट्टा मिळू शकतो.

भार पेलणाऱ्या संमिश्र पदार्थाच्या कातडीतच आकाशक विणणे, कापडावर आकाशक बनविणे आणि वैमानिकरहित विमानांच्या पंखांत ते सामावणे या दिशांनी संशोधन चालू आहे. पंख वाकला की आकाशकाचाही आकार बदलतो. म्हणून उड्डाणात ही विकृती सतत मोजून त्यानुसार प्रत्येक घटकाची कला दुरुस्त करावी लागते. सपाट समूह बनविण्यास स्वस्त व गणितास सोपे असल्याने बहुतेक ठिकाणी आजही तेच वापरतात. जेथे पृष्ठाबाहेर काही काढणे शक्य नाही किंवा सर्व दिशांना सारखेच लक्ष ठेवणे आवश्यक आहे, तेथे मात्र पृष्ठानुरूप आकाशकाचा खर्च व गुंतागुंत स्वीकारली जाते.