कुंपणाविना तुरुंग

वाचकहो, गुन्हेगाराला शिक्षा कोणती द्यावी, याचा खल राजदरबारी फार जुन्या काळापासून चालत आला आहे. पण शिक्षा भोगून आलेल्या माणसाने पुढे जगावे कसे, हे सहसा कोणी विचारीत नाही. गावात चोरी झाली की पहिले बोट कोणाकडे जाते, हे आपण जाणताच. सुधारायचे मनात असूनही त्याच्या हाताला काम मिळत नाही, आणि जुने सोबती तेवढे दार ठोठावीत राहतात.

आपल्या गोंदियाहून जबलपूरला जाणारी लहान गाडी जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या जबलपुरात इंग्रजी अमलात कॅप्टन स्लीमन याने ठगांचा बंदोबस्त केला. जे ठग माफीचे साक्षीदार झाले, त्यांच्यासाठी 1837 च्या सुमारास एक उद्योगशाळा निघाली. तेथे ते तंबू शिवीत, गालिचे विणीत. हात कामाला लागले खरे, पण पहारा उठला नाही. सरकारला त्यांची साक्ष हवी होती. त्यांच्या शब्दावर मात्र भरवसा नव्हता. ठगांविषयीच्या त्या काळच्या कित्येक कथाही अतिरंजित होत्या, असे आजचे अभ्यासक म्हणतात.

आता शंभर वर्षे पुढे या. दक्षिण महाराष्ट्रात औंध नावाचे लहानसे संस्थान होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. त्या राज्यघटनेला गांधीजींचे मार्गदर्शन होते. याच सुमारास मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे इंजिनियर तेथे होते. भारतात रमलेला हा माणूस भारतानंद या नावानेही ओळखला जाई. कैद्यांना भिंतीआड न ठेवता शेतावर ठेवून पाहावे, असा विचार पुढे आला आणि राजांनी तो उचलून धरला. आटपाडीजवळ माणदेशाच्या दुष्काळी मुलखात वसाहत उभी राहिली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वसाहतीला हे नाव! तेथे कैदी जमीन कसू लागले, बायकामुलांसह राहू लागले. पळून जायला वाट मोकळी होती. अडवणारी गोष्ट एकच, दिलेला शब्द. 1948 साली संस्थान विलीन झाले, पण वसाहत टिकली. पुढे राज्यात इतरत्रही खुली कारागृहे निघाली. आपल्या विदर्भात मोर्शीचे आहे.

याच प्रयोगावरून माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. सहा खुनी कैदी आणि एक जेलर माळरान फुलवतात, भाजी पिकवतात. खरी परीक्षा पुढेच आहे. ते वाजवी दराने भाजी विकू लागताच बाजार मुठीत ठेवणारा व्यापारी गुंड पाठवतो. हात न उगारण्याचा शब्द दिलेले ते सहाजण मार खातात, पण शब्द मोडीत नाहीत. शेवटी त्या व्यापाऱ्याच्या हस्तकांच्या हल्ल्यात जेलर प्राणास मुकतो.

यातून काय घ्यावे? सुधारणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. स्वतंत्रपुरात त्याला जमीन मिळाली, कुटुंब मिळाले आणि विश्वास मिळाला, म्हणून ते साधले. आपल्या जिल्ह्यालाही हा प्रश्न परका नाही. शस्त्र खाली ठेवणाऱ्या नक्षलवाद्यांसाठी राज्याने 2005 साली आत्मसमर्पण योजना आणली. सरकार पैसा देईल, घर देईल. पण रोवणीच्या दिवसांत बांधीवर हाक मारून बोलावणारा शेजारी सरकार कोठून आणणार?

तेव्हा गुरुजींनो, अशा घरचे मूल शाळेत आले तर त्याला बापाच्या नावाने हिणवू देऊ नका. आणि शेतकरी बांधवांनो, असा माणूस काम मागायला आला तर एक दिवस तरी त्याला मजुरीवर लावून पाहा. ठगांना जबलपुरात मिळाला नाही तो विश्वास त्याला देणे तुमच्या हाती आहे.