ढगाला अक्षांश-रेखांश

२८ सप्टेंबर २०२१, मंगळवार. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटीची बस सकाळी उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून वाहून गेली. पुलावरून पाणी चाललं होतं. काही जण वाचले, काही नाही. आमच्याकडे त्या गाडीनं येणं-जाणं करणारे नातेवाईक आहेत, त्यामुळे दुपारपर्यंत घरातले फोन वाजत होते. आमचं त्यात कुणी नव्हतं.

तो पाऊस ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषाचा होता. नागपुरात वाढलेल्या माणसाला चक्रीवादळ ही किनाऱ्यावरच्यांची भानगड वाटते. देशाच्या मधोमध, झिरो माईलच्या गावात समुद्र येणार कुठून? गुलाब २६ तारखेला संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमच्या उत्तरेला जमिनीवर आलं, अशक्त होत तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यात पोचलं, पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा बाळसं धरलं आणि ‘शाहीन’ नावानं ओमानला जाऊन धडकलं.

मी सॉफ्टवेअरवाला. हवामानातलं मला कळत नाही, फायलींमधलं कळतं. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राचं मॉसडॅक नावाचं संकेतस्थळ आहे. नाव नोंदवलं की इन्सॅट-३डी उपग्रहाच्या जुन्या फायली मागवता येतात. त्या दिवशीची आठची फाईल उतरवून पायथनमध्ये उघडली, तर ढग भलतीकडेच. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग लक्षात आलं, फाईलच्या नावातली वेळ ग्रीनिचची असते. मी दुपारी दीडचं आकाश बघत होतो. सकाळी आठची फाईल ०२३० या नावाची.

फाईलमध्ये चित्र नसतंच. ० ते १०२३ मधले आकडे असतात आणि सोबत एक तक्ता: अमुक आकडा म्हणजे इतकं तापमान. ढगाचा माथा जितका थंड, तितका तो उंच. अक्षांश-रेखांश शंभरानं गुणून ठेवलेले असतात, ते भागायला विसरलात की नागपूर नकाशाबाहेर जातं. शिवाय पहिली ओळ उत्तरेची, माझ्या प्रोग्रॅमनं ती तळाशी मांडली. ही चूक पकडली ती ‘तौक्ते’च्या चित्रानं. सरावासाठी १७ मे २०२१ची फाईल घेतली होती, तर वादळाचे पट्टे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वळलेले! आपल्या गोलार्धात हे होत नाही.

वैतागून मी जुनं वाचायला लागलो, आणि कुलाब्यात अडकलो. १९६० साली टायरॉस-१ हा पहिला हवामान उपग्रह गेला, पण त्याची चित्रं अमेरिकेतल्या केंद्रांत उतरायची. डिसेंबर १९६३मध्ये टायरॉस-८ वर नवा कॅमेरा बसवला: उपग्रह डोक्यावरून जाताना चित्र थेट खाली पाठवी, आणि अँटेना, रिसीव्हर, फॅक्सचं यंत्र एवढ्यावर कुणालाही ते घेता येई. त्याच वर्षांत हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेसाठी मुंबईत, कुलाबा वेधशाळेत, एक आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चालू होतं. हवाईहून आलेले कॉलिन रॅमेज आणि आपले पी. आर. पिशारोटी हे तिथले जाणते. केंद्राकडे आयबीएम १६२० संगणक होता आणि ही चित्रं घेण्याचं यंत्रही.

पण चित्र यायचं ते ओळीओळीनं कागदावर, आणि ते कुठलं आहे हे कागदावर लिहिलेलं नसायचं. समुद्रावरचा ढग सगळीकडे सारखाच दिसतो. उपग्रह किती वाजता कुठे असेल याचं गणित आधी करायचं, त्यानुसार अक्षांश-रेखांशांची पारदर्शक जाळी चित्रावर ठेवायची, आणि कुठे किनारा दिसलाच तर त्याच्याशी ताडून सरकवायची. मी शंभरानं भागायला विसरलो, त्याचं हे मूळ काम. घड्याळाची थोडी चूक झाली की वादळ कित्येक किलोमीटर सरकलं. माझं वादळ सरकलं तेव्हा कुणाची बोट बुडणार नव्हती.

तो उपग्रह डोक्यावरून निघून जायचा. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी सुटला, आणि तेव्हापासून आपल्याला एकाच जागी थांबून बघणारा डोळा मिळाला. अवरक्त चित्रातला एक ठिपका ११ किलोमीटरचा असे. इन्सॅट-३डीचा ४ किलोमीटरचा आहे.

ढगाच्या आकारावरून वादळाचा जोर सांगायची रीत वर्नन ड्वोरॅक या अमेरिकी माणसानं सत्तरच्या दशकात बसवली. पट्टे किती गुंडाळलेत, डोळा दिसतो का, माथा किती थंड, यावरून १ ते ८ असा टी-क्रमांक. आपलं हवामान खातंही तो वापरतं. अडीचला पोचलं की चक्रीवादळ, मग नाव. ही रीत समुद्रासाठी आहे. जमिनीवर आलेल्या वादळाला तो क्रमांक लागू होत नाही. २८ तारखेला गुलाब आमच्याकडे पोचलं तेव्हा त्याचा हुद्दा उतरत उतरत ‘कमी दाबाचं क्षेत्र’ इथवर आला होता. मुसळधार पावसाचे इशारे होते, पण खरं सांगायचं तर हे शब्द ऐकून आमच्याकडे कुणी प्रवास रद्द करत नाही. वादळाचा वारा मोजणारी भाषा पाण्याच्या वेळी तोकडी पडते, असं मला वाटतं.

शेवटी सगळं जुळलं. उमरखेड साधारण १९.६ उत्तर, ७७.७ पूर्व. ०२३० च्या फाईलमध्ये ते आकडे टाकले. चार किलोमीटरचा एक चौकोन मिळाला, त्यात तालुक्याचं गाव मावतं, पण नाला दिसत नाही, पूलही नाही. मग मध्यरात्रीची, म्हणजे आदल्या तारखेची १८३० ची फाईल मागवली, आणि तिथून सकाळपर्यंतच्या दर अर्ध्या तासाच्या सगळ्या. एकापाठोपाठ लावून रात्रभराचे ढग बघितले. फायलींची नावं आता भारतीय वेळेत बदलून ठेवली आहेत.