ऑर्थोसेरसची फाळणी: सरळ शंखांच्या वर्गीकरणाचा इतिहास

स्वीडनच्या ओलांड बेटावरचा तांबूस व करडा चुनखडक शतकानुशतके पायऱ्यांसाठी आणि चर्चमधील फरशांसाठी काढला जात आला असून, त्याच्या घासलेल्या पृष्ठावर आडव्या रेघांनी विभागलेल्या निमुळत्या, सरळ आकृती जागोजागी दिसतात. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ऑर्डोव्हिसियन कल्पातील, शीर्षपाद प्राण्यांचे हे शंख होत. शीर्षपाद हा माकूळ, ऑक्टोपस आणि नॉटिलस यांचा वर्ग असून, शाळीग्रामात दिसणारे वेटोळे शंखही त्यातल्याच ॲमोनाइट नावाच्या लुप्त शाखेचे आहेत. सरळ शंखाचा प्राणी रुंद टोकाकडील शेवटच्या मोकळ्या दालनात राहत असे. मागचे कप्पे पडद्यांनी बंद होत जात आणि त्या सर्व पडद्यांना छेदून जाणारी एक नळी, म्हणजे सायफंकल, कप्प्यांतील पाणी शोषून घेऊन शंखाला तरंगण्याजोगा हलका करी.

डान्झिगचा निसर्गअभ्यासक योहान फिलिप ब्राइन याने १७३२ मध्ये अशा बहुकप्पी शंखांची पद्धतशीर विभागणी केली आणि १७८९ मध्ये ब्रुगिएर याने सरळ शंखांना ऑर्थोसेरस, म्हणजे सरळ शिंग, हे प्रजातीनाम दिले. नाव सोयीचे होते, आणि घोटाळा त्या सोयीतूनच झाला. सरळपणा हा एकच निकष असल्याने पुढच्या शतकभरात युरोप-अमेरिकेतील शेकडो जाती या एका प्रजातीत येऊन पडल्या. आतली रचना मात्र पाहिली तरी ओळखू येत नसे. ह्यूरन सरोवराकाठी लष्करी वैद्य जॉन बिग्सबी याने गोळा केलेल्या काही जीवाश्मांना चार्ल्स स्टोक्स याने १८२४ मध्ये ह्यूरोनिया असे नाव दिले, तेव्हा मण्यांच्या माळेसारखी ती वस्तू प्रवाळ समजली गेली. पातळ शंख झिजून गेल्यावर मागे उरलेली ती जाड, फुगीर सायफंकल होती.

ऑर्थोसेरस नावाखाली जमलेल्या या साठ्याचे सर्वांत मोठे चित्रण बोहेमियात झाले. फ्रान्सच्या पदच्युत राजघराण्याबरोबर प्रागला आलेला अभियंता जोआकिम बाराँद याने १८५२ पासून मध्य बोहेमियातील जीवाश्मांवर जो अवाढव्य ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील शीर्षपादांच्या भागात पाचशेहून अधिक चित्रफलक आहेत. बाराँदने शंख उभे कापून घेतले आणि कप्प्यांत व नळीत साचलेले चुन्याचे थर बारकाईने रेखाटले, तरी प्रजाती मोडल्या नाहीत, शेकडो जाती ऑर्थोसेरसमध्येच राहू दिल्या. वर्गीकरणकार म्हणून बाराँद सनातनीच राहिला, परंतु त्या चित्रांइतका विश्वासू पुरावा मागे ठेवणारे नवमतवादीही थोडेच निघाले.

फोड करण्याचे काम अमेरिकेतील अल्फियस हायॅट याने १८८० च्या दशकात हाती घेतले. पडदा नळीपाशी वळून जी लहान कॉलर तयार होते, तिला पडद्याची मान म्हणतात; ही मान आखूड व सरळ आहे, बाहेर वळलेली आहे, की मागच्या पडद्यापर्यंत लांबलेली आहे, यावर हायॅटने गट पाडले. दिशा योग्य होती, पण या कसोटीसाठी जीवाश्म नळीच्या नेमक्या मध्यातून कापावा लागतो. काप थोडा बाजूला सरकला की मानेचा आकार खोटा दिसतो, आणि अधिक सरकला तर नळी दिसतच नाही; ओलांडच्या फरशांतील बहुतेक शंख कारागिराच्या करवतीने वाटेल तसे छेदले गेल्यामुळे एकमेकांसारखे भासतात, ते यामुळेच.

विसाव्या शतकात कुर्ट टायशेर्ट याने १९३३ मध्ये ॲक्टिनोसेरस गटाच्या फुगीर नळीतील नलिकांची रचना उलगडली, आणि रूसो फ्लॉवर व बर्नहार्ड कुमेल यांनी १९५० मध्ये गणांची नवी मांडणी केली. एन्डोसेरस गटात नळीमध्ये एकात एक बसलेले शंकू असतात, ॲक्टिनोसेरसांत नलिकांचे जाळे असते, आणि ऑर्थोसेरसांच्या अनेक वंशांत कप्प्यांतच चुना साचतो. हे सर्व थर बहुधा मागच्या टोकाला वजन देऊन लांब शंख पाण्यात आडवा ठेवण्यास उपयोगी पडत. एन्डोसेरसचे काही शंख तीन मीटरपर्यंत लांब होते, हे ध्यानात घेतले की त्या भाराची गरज कळते. मूळ ऑर्थोसेरस या नावाला मात्र ट्रोएडसन याच्या १९३१ च्या अभ्यासानंतर फार थोडी जागा उरली: राहत्या दालनावर तीन लांबट खाचा असलेले बाल्टिक प्रदेशातील ऑर्डोव्हिसियन शंख एवढीच त्याची व्याप्ती मानली जाते. मोरोक्कोतील काळ्या चुनखडकाच्या घोटीव वस्तू बाजारात आजही ऑर्थोसेरस म्हणूनच विकल्या जातात.

यापुढचा पेच अधिक खोल आहे. शंखाच्या आतील बाजूस स्नायू चिकटल्याच्या खुणा नॉटिलसमध्ये दोन्ही बगलांना, तर ऑर्थोसेरसांत पाठीकडे असतात, आणि ऑर्थोसेरसांपासून बॅक्ट्राइट नावाच्या मधल्या गटामार्गे ॲमोनाइट व माकूळ यांचे पूर्वज निघाले असे मानले जाते. तसे असेल तर या शंखांना नॉटिलॉइड, म्हणजे नॉटिलसचे सगोत्र, म्हणणे ही केवळ जुनी सवय ठरते. किंग आणि एव्हन्स यांनी २०१९ मध्ये सुचवलेल्या वर्गीकरणात स्नायूंच्या खुणांना महत्त्व देऊन ऑर्थोसेरसांना स्वतंत्र उपवर्गात ठेवले आहे, पण अशा खुणा थोड्याच नमुन्यांत टिकतात, त्यामुळे जुन्या संग्रहांकडे परतणे भाग पडते. बाराँदचा संग्रह प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.