अर्थशास्त्रांतील द्रव्यापहार व दवंडी

शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें छापलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, आठव्या अध्यायीं, अधिकाऱ्यांनीं करावयाच्या अपहाराचे चाळीस प्रकार गणिले आहेत. त्यांत अर्घ, मान व मापन यांचें वैषम्य आहे. म्हणजे सरकारी खरेदीचा भाव व माप तेव्हांही संशयास्पदच. संशय येतांच ठेवणारा, लिहिणारा, घेणारा, देणारा, देवविणारा, प्रत्येकास वेगळें विचारावें. पुढील विधान मात्र अभ्यासकांच्या नजरेंतून बहुधा निसटतें (हेर तेवढे सर्वांस आठवतात!): अमक्याकडून नाडले गेलेल्यांनीं कळवावें अशी दवंडी पिटावी, आणि कळविणारास हानीप्रमाणें भरपाई द्यावी. आरोप सिद्ध झाल्यास सूचकास षष्ठांश. तो नोकर असल्यास द्वादशांश. संग्राहकांनीं आपल्या रुमालांतील निरखाच्या चिठ्ठ्या व कोठीचीं हिशेबपत्रें या यादीशीं ताडून पाहावीं. क्षुल्लक म्हणून फेंकूं नयेत.